डावीकडे चाललेला भटक्या

प्रूफवर मी लाल पेनानं 'चित्र उलटं आलंय, फाईल फिरली आहे, दुरुस्त करा' असं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि ट्रे पुढे ढकलला. शुक्रवारची सकाळ होती, चहासुद्धा यायचा होता अजून. सव्वीस वर्षं मी हे करते आहे. औषधांची खोकी, साबणाची खोकी, बिस्किटांची खोकी. छापायच्या आधी प्रत्येक खोकं माझ्या टेबलावरून जातं. गळ्यात भिंग लटकलेलं असतं म्हणून प्रेसमध्ये मला भिंगबाई म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि मला राग येत नाही, उलट जरा मिरवावंसंच वाटतं. अक्षर उलटं पडलं तर शेंबडं पोरही सांगेल. चित्र उलटं पडलं तर शंभरातल्या नव्याण्णवांना कळत नाही. बाईच्या डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला, कोटाची बटणं भलत्या बाजूला आली, तरी माणसं बघतात आणि छान म्हणतात. मला कळतं. आधी पोटात बारीकसं काहीतरी हलतं, आणि मग डोळा कारण शोधत बसतो. त्या दिवशीही तसंच हललं. टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांचा कॅट छापायला आला होता, एका म्हाताऱ्या संग्राहकाकडच्या जुन्या पानांवरून. पहिल्याच पानावर भटक्या होता, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, मागून एक जनावर त्याच्या कपड्याला ओढतंय, आणि तो उजवीकडे चालला होता. भटक्या उजवीकडे? हॅट्! माझ्या घरी कपाटात चोवीस वर्षं हाच कॅट आहे. भटक्या डावीकडे चालतो. झोपेतून उठवून विचारा.

दहा मिनिटांत छपाईच्या प्लेट बनवणारा आमचा प्लेटवाला आला. माझ्याच वयाचा माणूस, पण मला बाई म्हणतो आणि भांडताना आणखी जोरात बाई म्हणतो. "बाई, हे तुम्ही लिहिलंत?" मी म्हटलं, "नाही, भुतानं लिहिलं." तो हसला नाही. त्यानं प्रूफ माझ्यासमोर ठेवलं आणि पानाच्या तळाशी नुसतं बोट टेकवलं. तिथं नाव होतं, जुन्या वळणाच्या अक्षरांत, आणि सरळ होतं. "फाईल फिरली असती तर नावपण फिरलं असतं की." माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग त्यानं, जखमेवर मीठ नको पण पुरावा तरी असावा म्हणून असेल, संग्राहकानं जॉबसोबत दिलेली चिठ्ठी पुढे केली. ती मी वाचलीच नव्हती. त्यात बारीक, नीटस अक्षरात लिहिलं होतं की पूर्वी नक्कल करणारे कारागीर छापलेलं पान लाकडावर चिकटवून जसंच्या तसं कोरत, त्यामुळे नव्या ठशाचा छाप उलटा येई. अक्षरं तेवढी ते सांभाळून कोरत, कारण अक्षर चुकलं की गिऱ्हाईक ओरडे. चित्र उलटलं तर कुणी ओरडत नसे. म्हणून उलट्या चित्रांचे कॅट फार पसरले. 'हा मूळ दिशेचा आहे. कृपया चित्रांच्या दिशेला हात लावू नये.' मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग प्रूफ घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि वॉशबेसिनवरच्या आरशापुढे धरलं. आरशात माझा भटक्या होता. अगदी माझा, चोवीस वर्षांचा ओळखीचा, डावीकडे चाललेला. खालचं नाव मात्र वेड्यासारखं उलटं. बाहेर कुणीतरी दार वाजवेपर्यंत मी तशीच उभी होते.

आता एखादी म्हणेल, एवढं काय त्यात, पत्ता तो पत्ता. तिला चिमी माहीत नाही म्हणून ती असं म्हणेल. चिमी माझी धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी चिमीच. कानानं ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते, आणि बाबांजवळ राहते. आई लवकर गेली. बाबा आता एक्याऐंशीचे, घरातल्या घरात धरून धरून चालतात, बोलणं कमी झालंय. तिचा आदल्याच दिवशी फोन आला होता. दुसऱ्या शहरातली निवासी शाळा, मुख्याध्यापिकेची जागा, राहायला खोली, सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं. "ताई, मला जावंसं वाटतंय," ती म्हणाली. चिमीच्या तोंडून 'मला वाटतंय' हे शब्द मी किती वर्षांनी ऐकले कोण जाणे. आणि मी काय बोलावं? अभिनंदन? वा गं? माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "आणि बाबा?" मग ती म्हणाली, "तेच. रविवारी येते. पानं मांड."

पानं मांड. लोक मला हे किती सहज म्हणत आले. मी भविष्य सांगत नाही, हे मी प्रत्येकीला आधी सांगायचे, मी फक्त बघते. आणि ते खरंही होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात डबा फाटलेला तो कॅट मी घेतला तेव्हा त्याच्यासोबत माहितीचं पुस्तक नव्हतं. मग मी माझेच नियम केले, प्रूफ तपासणाऱ्या बाईचे. तोंड कुणाकडे आहे बघायचं, पाय कुणाकडे आहेत बघायचं. डावीकडे गेलेलं, उजवीकडे येणारं. जो चालतोय त्याच्या वाटेत शेजारचं पान येतं की त्याची पाठ शेजारच्या पानाकडे आहे, ते बघायचं. जो अगदी समोर तोंड करून बसलाय, दोन्ही बाजू सारख्या, तो हलणार नाही, त्याच्यावर बाकीच्यांनी यावं किंवा त्याला सोडून जावं. तोंड एकीकडे आणि पाय दुसरीकडे असलेली माणसं पत्त्यांतच असतात असं नाही, ती मी प्रेसमध्ये आणि नातेवाइकांतही रोज बघत होते, त्यामुळे माझं सांगणं बायकांना पटायचं. माझ्या कॅटमधल्या न्यायदेवीच्या डाव्या हातात तलवार. काय सांगायचे मी त्यावर! "बघा, ही डावखुरी आहे. काळजाच्या बाजूच्या हातानं न्याय करते." बायका माना डोलवायच्या. आमच्याकडची बाइंडरबाई तर ते ऐकून ढसाढसा रडली होती, आणि मग तिनं नवऱ्याला माफ केलं होतं. आणि आता प्रूफवर न्यायदेवी बसली होती, तलवार चांगली उजव्या हातात, चारचौघींसारखी. काळीज नाही न् काही नाही. कुठल्यातरी कोरणाऱ्याचा आळस होता तो. बाइंडरबाईचा नवरा नंतर सुधारला, ही गोष्ट वेगळी.

पण बाइंडरबाईचं जाऊ दे, बाकीच्या सगळ्यांचंच जाऊ दे. शुक्रवारी दिवसभर मी खोक्यांवरची वजनं आणि तारखा तपासत होते आणि भिंगाखाली एकच दुपार येत होती. एकोणीस वर्षांपूर्वीची. बाबांच्या घरचं स्वयंपाकघर, जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर मी आणि चिमी. चिमी पंचवीसची. माझी मुलगी आठ महिन्यांची, मांडीवर झोपलेली, तिच्या डोक्याचा घाम माझ्या कोपराला लागत होता. बाबा बाहेरच्या खोलीत पलंगावर, कमरेचं हाड मोडलेलं, चार महिने झाले होते आणि डॉक्टर म्हणत होते की आणखी किती ते सांगता येत नाही. चिमीला एकानं मागणी घातली होती. जमिनी मोजायच्या खात्यात होता तो, आम्ही त्याला मोजणीवाला म्हणायचो. उंच, जरा पोक काढून चालणारा, बोलताना हातानं हवेत अंतरं दाखवायची सवय. त्याची बदली झाली होती लांब. त्यानं चिमीला सांगितलं होतं, चल माझ्याबरोबर, आणि रविवारपर्यंत सांग. तेव्हाही रविवारच. चिमीनं पानं पिसली आणि मी तीन पानं मांडली. मधे सम्राज्ञी, समोर तोंड करून बसलेली. तिच्या उजवीकडे चाक. चाकाला काय, ते जागच्या जागी फिरणार. आणि डावीकडे भटक्या. तिच्याकडे पाठ करून, गाठोडं घेऊन, मांडलेल्या पानांच्या बाहेर निघालेला.

"तो चाललाय, चिमे," मी म्हटलं. "तू बसलेली आहेस आणि तो चाललाय. त्याच्या डोळ्यांपुढे तू नाहीसच. उठू नकोस." असंच म्हटलं मी, शब्द न् शब्द आठवतो. तिनं पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. मोजणीवाला गेला. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आम्ही कळूनही घेतलं नाही. बाबांचं हाड सात महिन्यांनी जुळलं. चिमी त्यांच्याजवळ राहिली ती राहिलीच. आणि भटक्या जर उजवीकडे चालत असता, जसा तो मुळात चालतो, तर तो त्या दुपारी सरळ सम्राज्ञीकडे चालला असता. तिच्याकडे तोंड करून, सगळं गाठोडं घेऊन. मग मी काय सांगितलं असतं? "तो येतोय, चिमे. ऊठ." दुसरं काही सांगणं शक्यच नव्हतं, माझ्याच नियमानं. बिस्किटांच्या खोक्यावर मी त्या दिवशी चुकीची तारीख पास केली. नशीब, प्लेटवाल्यानं पकडली. दुरुस्त करून देताना तो मला बाईसुद्धा म्हणाला नाही, याचं मला जास्त लागलं.

शनिवारी सुट्टी. जादा प्रूफ मी घरी आणलं होतं, ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि शेजारी माझी पानं ओळीनं मांडली. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. ह्यांना मी सगळं सांगितलं, फक्त चिमीचं सोडून. हे खूप हसले. "म्हणजे चोवीस वर्षं तू धडधडीत उलटं सांगत होतीस, आणि तरी लोक दारात येत होते!" मी म्हटलं, "हसा." "हसू नको तर काय करू? आणि ज्यांचं चांगलं झालं त्यांचं काय गं? त्यांना परत बोलावून आता वाईट व्हा म्हणून सांगणार का?" हे असंच बोलतात, आणि हसतातही असे की रागवायला जागा राहत नाही. मग जरा वेळानं, उठता उठता, म्हणाले, "चूक तुझी नाही ना पण. छापणाऱ्याची आहे." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी चटकन उठून त्यांना पुन्हा चहा टाकला. चूक छापणाऱ्याची. चिमीला हेच सांगायचं. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवायची, चिठ्ठी दाखवायची, म्हणायचं, बघ, आपल्या दोघींनाही कुणा मेलेल्या कारागिरानं फसवलं. ती रडेल, मी रडेन, आणि मग मोकळं होईल सगळं. चहा उकळेपर्यंत मी मनातल्या मनात ती वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

पण भिंग घातक असतं. एकदा डोळ्याला लावलं की ते तुम्हाला हवं तेवढंच दाखवून थांबत नाही. दोन्ही भटके बघून झाले, मग मी सहज सम्राज्ञी बघायला घेतली, कारण ती समोर तोंड करून बसलेली, तिला उलटंसुलटं काही नाही. पारदर्शक पट्टी घेतली, कपाळापासून खाली मधोमध रेघ धरली आणि दोन्ही बाजू जुळवून बघायला लागले, खोक्यांच्या बघते तशा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्या वाटतात. सारखं दिसलं की डोळा निर्धास्त होतो, झोपतोच म्हणा ना. पण त्या सारख्या नव्हत्या. खुर्चीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच. हातातला दंड किंचित कललेला. आणि झग्याच्या चुण्यांखाली एक गुडघा पुढे, दुसरा मागे. पुढच्या गुडघ्याखालच्या चुण्या ताणलेल्या, मागच्या ढिल्या. पुढच्या पायावर भार आला होता. माणूस खुर्चीतून उठायच्या अगदी आधी असा असतो. डॉक्टरकडे आपला नंबर पुकारल्यावर माणसं अशीच दिसतात. मी माझं पान भिंगाखाली घेतलं. तिथंही तेच, फक्त दुसरा गुडघा. म्हणजे उलट छापा, सुलट छापा, बाई उठतच होती. ते माझ्या कॅटमध्ये चोवीस वर्षं होतं. मी, जिला गालावरचा तीळ सरकलेला कळतो, तिला ते दिसलं नाही? त्या दुपारचं आणखी काहीतरी होतं, स्वयंपाकघरातलं, सतरंजीवरचं, माझ्या हातांचं. ते आठवणीच्या दारापर्यंत आलं आणि मी दार लावून घेतलं. पट्टी खाली ठेवली. पानं गोळा केली. रात्रीची भांडी दुपारीच घासून टाकली, जी अजून खरकटी झालीच नव्हती, म्हणजे स्वच्छ भांडीच पुन्हा घासली. हे दारातून बघत होते.

रविवारी चिमी अकराला आली. बाबांजवळ शेजारच्या निवृत्त नर्सबाई सुट्टीच्या दिवशी दोनच तास बसतात, तेवढीच तिला सवड. चपला काढल्या, आत येऊन तांब्यातलं पाणी स्वतःच ओतून घेतलं आणि ह्यांना म्हणाली, "भाऊजी, पोट कमी झालं की शर्ट मोठा घेतलात?" हे म्हणाले, "शर्ट. तुझी ताई उपाशी ठेवेल तेव्हा पोटाचं बघू." आणि वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. चिमी टेबलाशी बसली. केस पांढरे झालेत कानांवर, रंगवत नाही. मुलांना शिकवून शिकवून तिला सवय लागलीय, समोरचा बोलताना ती त्याच्या ओठांकडे बघते आणि स्वतः बोलताना चेहरा पूर्ण समोर आणते, शब्द तोंडात पूर्ण करते. त्यामुळे तिच्याशी चोरून काही बोलता येत नाही. "मांड," ती म्हणाली. मी मांडलं नाही. मी प्रूफ पुढे ठेवलं, माझा भटक्या त्याच्या शेजारी ठेवला, चिठ्ठी ठेवली आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. कारागीर, लाकूड, ठसा, अक्षरं, गिऱ्हाईक. मोजणीवाल्याचं नाव घ्यावं लागलं नाही. भटक्यावर बोट ठेवलं तेव्हाच तिला समजलं होतं, मला दिसलं ते.

तिनं दोन्ही पानांकडे आळीपाळीनं बघितलं. "म्हणजे तो येत होता," ती म्हणाली.

"पानात," मी म्हटलं.

"पानातच म्हणतेय मी. खरा तो कुठे जात-येत होता ते मला तेव्हाही माहीत होतं." आणि ती हसली. चिमी हसते तेव्हा तिचे खांदे हलतात, आवाज येत नाही. मलाही हसू फुटलं, सुटल्यासारखं. म्हटलं, झालं, संपलं, एवढंच होतं. मी चहा ठेवायला उठले. पातेल्यात पाणी घेतलं आणि माझी पाठ तिच्याकडे असताना ती म्हणाली, "आणि चौथं?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं असतं, पण चिमीपुढे बहिरेपणाचं सोंग करणं म्हणजे सोनाराकडे पितळ घेऊन जाणं. मी वळले. ती पूर्ण चेहरा माझ्याकडे करून बसली होती.

"तू सगळ्यांना चौथं काढायचीस, ताई. एखादा मांडलेल्या पानांच्या बाहेर निघालेला असला की तू म्हणायचीस, थांबा, कुठे निघालाय ते बघू, आणि त्याच्यापुढे आणखी एक पान ठेवायचीस. मी किती वेळा बघितलं होतं. कधी तू विसरली नाहीस. माझ्या वेळी तुझा हात कॅटवर गेला. एक पान सरकवलंस तू, अर्धं. मग थांबलीस, आणि सगळी पानं गोळा केलीस. मी तुझ्या हाताकडेच बघत होते." ती शांतपणे बोलत होती, शब्द पूर्ण करत. "मला वाटलं, हिला दिसलंय काहीतरी. कोपरा दिसला असणार पानाचा. त्याच्याबरोबर गेले तर माझं काहीतरी भयंकर होणार आहे, मरण-बिरण, आणि ही मला सांगत नाहीये. वाचवतेय मला. किती बरं वाटलं होतं माहितीये का? आई गेल्यावर मला कुणी वाचवलं नव्हतं. पुढे जेव्हा जेव्हा फार वाईट वाटायचं ना, बाबांचं सगळं करून झाल्यावर, शाळेतून येऊन, तेव्हा मी स्वतःला हेच सांगायचे. ताईनं वाचवलंय आपल्याला. कधी विचारलं नाही तुला. भीती वाटायची. आता नाही वाटत. काय होतं ते चौथं?"

पाणी उकळायला लागलं होतं. गॅस बंद करायला मला तिच्याकडे पाठ करावी लागली असती, म्हणून मी केला नाही. एका शब्दाचं काम होतं. मरण होतं, चिमे. टांगलेला माणूस होता. कोसळता बुरूज होता. अठ्ठ्याहत्तर पानांत वाईट पानांना काय तोटा? एक शब्द, आणि तिची एकोणीस वर्षं जशी होती तशी तिच्या हातात राहिली असती, आणि मीही, वाचवणारी मोठी बहीण. दया म्हणूनसुद्धा बोलता आलं असतं ते. पण मग तिला आज जे विचारायचं होतं, बाबांचं, त्याचंही उत्तर मी तसंच दिलं असतं. आजही पान मांडून, आजही थोडंसं झाकून, आणि ती आजही 'बरं' म्हणाली असती. मला हे स्वच्छ कळत होतं. उद्या सोमवार होता.

"मी बघितलंच नाही," मी म्हटलं. "कोपराही नाही. मी पान सरकवलं आणि बाहेरून बाबांनी हाक मारली. मला म्हणून नाही, कुणालाही म्हणून. पाणी हवं होतं त्यांना. मांडीवर पोर होती माझ्या. मला वाटलं, ही गेली तर ही हाक उद्यापासून माझ्या घरात येणार. रोज. आणि चौथं पान चांगलं निघालं तर मला तुला ऊठ म्हणावं लागलं असतं. म्हणून गोळा केली पानं. छापणाऱ्याचा काही दोष नाही. भटक्या उजवीकडे चालत असता तरी मी काहीतरी शोधलंच असतं."

चिमीनं माझ्या ओठांवरून नजर काढली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. गॅलरीत ह्यांनी पान उलटल्याचा आवाज आला. पातेल्यातलं पाणी आटत चाललं होतं आणि धातू करपल्याचा वास यायला लागला. शेवटी तीच उठली, गॅस बंद केला, पातेलं बेसिनमध्ये ठेवलं, त्यात गार पाणी सोडलं. मी रडत होते. ती रडत नव्हती, आणि त्यामुळे मला माझ्या रडण्याची लाज वाटत होती. मला वाटलं, आता ती चपला घालेल. ती मला काहीतरी बोलली असती, ओरडली असती, हात उगारला असता, तर मी तिचे पाय धरले असते. पण ती परत येऊन टेबलाशी बसली. सगळी पानं तिनं एकत्र केली, कडा नीट जुळवल्या आणि बाजूला ठेवली.

"कागद घे," ती म्हणाली.

"चिमे, ऐक ना—"

"मी आज संध्याकाळीच कळवतेय त्यांना, येते म्हणून. एक तारखेला जाणार. बाबा इथे येतील. भाऊजींना तू सांग. कागद घे, मला साडेबाराला निघायचंय, नर्सबाई थांबणार नाहीत."

मी कागद घेतला. ती सांगायला लागली, तोंड समोर करून, हळू, शाळेत सांगत असेल तशी, आणि मी लिहायला लागले. गोळ्या कुठल्या आणि कधी. उजव्या कुशीवर झोपवायचं नाही. दाढी एक दिवसाआड, आरसा समोर धरायचा, नाहीतर गाल फुगवत नाहीत. भात चालतो पण गरम नको. कुणी घाईनं बोललं की चिडतात. माझ्या बाबांबद्दल मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पानाची एक बाजू भरली, मी उलटलं.

"हाक मारत नाहीत ते आता," चिमी म्हणाली. "आवाज पोचत नाही त्यांचा. भिंतीवर बोटं वाजवतात. म्हणून पलंग भिंतीला लागून हवा, आणि भिंतीच्या पलीकडे तू झोपायचं. दोनदा वाजवलं तर पाणी. तीनदा वाजवलं तर बाथरूम. तेव्हा लगेच उठायचं."

"दोनदा पाणी. तीनदा बाथरूम," मी लिहिलं. "आणि एकदा?"

"एकदा वाजवलं तर काही नको असतं. पलीकडे कुणी आहे का, एवढंच बघतात. आपण पण एकदा वाजवायचं."

मी तेही लिहून घेतलं.